मॉर्मन शेजाऱ्यांची गाणी: मनात रुजलेली आणि न रुजलेली

अमेरिकेतल्या युटात रविवारी सकाळी गल्लीत एकच लगबग असते. पांढरे शर्ट आणि टाय घातलेली पोरं, लांब स्कर्टातल्या बायका, बाबागाड्या, सगळे एकाच दिशेनं निघालेले. आमच्या आसपासची बहुतेक घरं एकाच ‘वॉर्डा’तली, म्हणजे एकाच मंडळीतली. चर्चचं पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. त्यांना हल्ली हेच नाव वापरलेलं आवडतं, पण आपल्याकडे ‘मॉर्मन’ म्हटल्याशिवाय कळणार नाही, म्हणून इथे तोच शब्द ठेवते. मी हिंदू आहे आणि धर्म बदलायचा माझा काही विचार नाही. शेजारच्या आजी त्या वॉर्डात ऑर्गन वाजवतात. त्यांनी बोलावलं म्हणून गेले, आणि गाण्यांची गोडी लागली म्हणून जात राहिले.

इथे गाणं ऐकायचं नसतं, गायचं असतं. पगारी पुरोहित नाहीत, आजींनाही ऑर्गनचे पैसे मिळत नाहीत. ती त्यांना नेमून दिलेली सेवा. हिरव्या बांधणीचं 1985 चं गीतपुस्तक, त्यात 341 गाणी, आणि मागच्या बाकावरचे काका सहज खालचा सूर धरतात, त्यांची लेक मधला. टाळ्या नाहीत, ढोलताशे नाहीत. सगळ्यात जवळून पाहण्यासारखा भाग म्हणजे येशूच्या आठवणीसाठी वाटायचा पाव मोडतानाचं गाणं. पुढच्या मेजाशी सोळा-सतरा वर्षांची दोन-तीन मुलं उभी राहून पावाच्या चकत्यांचे बारीक तुकडे करत असतात आणि तेवढा वेळ सभा गाते. गाणं संपलं आणि पाव मोडून झाला नसला, तर ऑर्गन थांबत नाही. आजींचा एक डोळा स्वरलिपीवर आणि एक त्या पोरांच्या हातांवर. शेवटचा तुकडा पडला की त्या सूर हळूच मिटवतात. मग बारा-तेरा वर्षांची मुलं ताटं घेऊन बाकांमधून फिरतात. वाइन नाही, इवल्याशा पेल्यांतून पाणी.

इतकी गाणी ऐकल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. जे गाणं कुणाच्या तरी खऱ्या अडचणीतून आलं ते टिकतं, आणि जे नुसतं बजावायला लिहिलं ते कितीही वेळा गायलं तरी आत उतरत नाही.

माझं सगळ्यात आवडतं ‘कम, कम, यी सेंट्स’. ते लिहिणारा विल्यम क्लेटन मूळ इंग्लंडचा, हिशेब-नोंदी ठेवणारा कारकून. 1846 च्या फेब्रुवारीत मॉर्मन लोकांना इलिनॉयमधलं नॉव्हू गाव सोडावं लागलं. क्लेटन आयोवाच्या चिखलातून गाड्यांबरोबर चालत होता. त्याची एक बायको, डायँथा (त्या काळी त्यांच्यात बहुपत्नीत्व होतं), दिवस भरत आले म्हणून मागेच राहिली होती. 15 एप्रिलला निरोप आला की मुलगा झाला, पण तिची तब्येत ठीक नाही. त्याच दिवशी त्यानं हे गाणं लिहिलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘ऑल इज वेल’, सगळं ठीक आहे. सगळं ठीक नसताना लिहिलेलं आहे, म्हणून त्यावर विश्वास बसतो. शेवटच्या कडव्यात तर स्पष्टच म्हटलंय की वाट संपायच्या आधी मरण आलं तरी चालेल. वॉर्डातल्या अनेकांचे खापरपणजे त्याच तांड्यांत होते. ते कडवं आलं की सभेतला आवाज बदलतो, हे मी दर वेळी ऐकते.

या क्लेटनबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. पुढच्या वर्षी पश्चिमेकडे येताना रोज किती मैल झाले याचे अंदाज त्याला पटेनात. त्यानं गाडीच्या चाकाला लाल कापड बांधलं आणि फेरे मोजत चालत राहिला, 360 फेऱ्यांना एक मैल. पुढे त्यासाठी लाकडी दातेरी चाकांचं यंत्रच बनवलं गेलं. असा काटेकोर माणूस ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो तेव्हा ते उगीच म्हणत नसतो.

दुसरं ‘ओ माय फादर’. एलायझा स्नो या कवयित्रीनं 1845 मध्ये लिहिलेलं. पित्याला उद्देशून सुरू होतं आणि मध्येच ती विचारते, स्वर्गात आईबापांपैकी एकटाच कसा असेल? सत्य मला सांगतं, तिथे माझी आईही आहे. मॉर्मन लोक स्वर्गातली आई मानतात, पण प्रार्थना तिला करत नाहीत, तिच्याविषयी फारसं बोलतही नाहीत. देवाला ‘माउली’ म्हणत वाढलेल्या मला हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला. आपल्याकडे जे कीर्तनात, ओवीत, उठता-बसता तोंडी असतं, ते इथे एका बाईनं एका कडव्यात म्हणून ठेवलं आणि जवळपास पावणेदोनशे वर्षं बायका ते गात आल्या आहेत. आजी हे गाणं वाजवताना पुस्तक उघडत नाहीत.

‘अ पुअर वेफेअरिंग मॅन ऑफ ग्रीफ’ मूळचं मॉर्मन नाहीच. ते स्कॉटलंडमध्ये जन्मलेला कवी जेम्स माँटगोमेरी याचं. पण 27 जून 1844 ला इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जॉन टेलरनं ते गायलं, सोबत असलेल्या जोसेफ स्मिथचा, म्हणजे चर्चच्या संस्थापकाचा, भाऊ हायरम यानं पुन्हा गायला लावलं, आणि थोड्याच वेळात जमावानं दोघा भावांना गोळ्या घातल्या. टेलर जबर जखमी होऊन वाचला आणि पुढे चर्चचा अध्यक्ष झाला. सात कडवी आहेत. वेळ नाही म्हणून तीनच गातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. वाटेवरच्या अनोळखी माणसाची खरी ओळख शेवटच्या कडव्यात पटते, आणि तेच राहून जातं.

‘इफ यू कुड हाय टु कोलोब’ची चाल जुनी इंग्लिश लोकगीताची, अपार सुंदर. कोलोब म्हणजे त्यांच्या ग्रंथातला देवाच्या सिंहासनाजवळचा तारा. काळाला आरंभ नाही, अवकाशाला अंत नाही, असं म्हणत जातं. अनादि-अनंत हे शब्द लहानपणापासून कानावर असलेल्या माणसाला यात परकं काहीच वाटत नाही.

आता न आवडलेली. ‘इन अवर लव्हली डेझरेट’ हेही एलायझा स्नोचंच, म्हणून जास्त लागतं. चाल अमेरिकन यादवी युद्धातल्या एका गाण्याची, लहान मुलांसाठी कदमतालावर बसवलेली. त्यात आदर्श मुलं चहा, कॉफी आणि तंबाखूचा तिटकारा करतात. चहा न पिण्याचा त्यांचा नियम 1833 पासूनचा आहे, आणि शेजारी तो निष्ठेनं पाळतात याचा मला आदर आहे. पण एखादी गोष्ट वर्ज्य करणं वेगळं आणि लेकरांना तिचा तिटकारा शिकवणं वेगळं. माझ्या घरी येऊन, चहाला नको म्हणून, लिंबूपाणी घेत तासभर प्रेमानं गप्पा मारणारी माणसं या गाण्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत.

‘प्रेझ टु द मॅन’ जोसेफ स्मिथच्या हत्येनंतरचं. चाल ‘स्कॉटलंड द ब्रेव्ह’ची, पाय आपोआप ठेका धरतात. मूळ शब्दांत त्याच्या रक्ताचा डाग इलिनॉयवर राहील असं होतं. 1927 मध्ये ती ओळ बदलून ते रक्त स्वर्गाकडे दाद मागेल असं केलं. बदल चांगलाच झाला. तरी उपासनेत एका माणसाचा एवढा जयजयकार मला पेलत नाही. त्यांच्या दुःखाची धार मला कळते, पण मी तेवढा वेळ पुस्तक मिटून गप्प बसते. कुणी कधी त्यावरून मला काही बोललेलं नाही.

आता नवं गीतपुस्तक येतंय. मे 2024 पासून त्यातली गाणी टप्प्याटप्प्यानं इंटरनेटवर येऊ लागली आणि पहिल्याच तुकडीत ‘अमेझिंग ग्रेस’ होतं. जुन्यातली कुठली राहणार यावर आमच्या गल्लीत भरपूर चर्चा चालते. आजी ‘ओ माय फादर’ची बाजू लढवतात, मी कोलोबची.

सॉल्ट लेक सिटीला आलात तर टॅबरनॅकल कॉयर, म्हणजे चर्चचा मोठा गायकवृंद, जरूर ऐका. टॅबरनॅकल या सभागृहातल्या ऑर्गनला 11,623 नळ्या आहेत आणि रविवार सकाळचा कार्यक्रम 1929 पासून प्रसारित होतोय. पण एखाद्या साध्या वॉर्डातही जाऊन बसा. पोरं रडत असतात, कुणी अर्धा सूर खाली असतं, आणि तरी सगळे गात असतात. कुणालाही जाता येतं. फक्त महिन्याचा पहिला रविवार उपवासाचा असतो, तेव्हा भाषणांऐवजी लोक उठून आपापले अनुभव सांगतात. सभा लांबण्याची तयारी ठेवून जा.