सिमला ऑफिसातल्या अ‍ॅना मणी

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या ‘प्रेरणादायी स्त्रिया’ विभागासाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. सावित्रीबाई, आनंदीबाई, पंडिता रमाबाई यांच्यावर लिहिणाऱ्या मैत्रिणी पुष्कळ आहेत आणि त्या माझ्याहून बरं लिहितात. माझी सगळी नोकरी हवामानाच्या उपकरणांत गेली, म्हणून मी हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांच्यावर लिहिते. त्या आपल्या शाळेच्या नव्हत्या, मराठीही नव्हत्या. पण त्यांच्या कामाचा सर्वांत भरीव काळ आपल्या पुण्यात गेला. शिवाय महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पर्जन्यमापक आणि तापमापकांची पेटी दिली आहे. ती नुसती शोभेला राहू नये, हाही या लिहिण्यामागचा हेतू आहे.

पुण्यात रिक्षावाल्याला ‘हवामान खातं’ सांगितलं तर तो विचारात पडेल; ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की थेट शिवाजीनगरला आणून सोडेल. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, पुढे दिल्लीला गेलं, पण नाव इमारतीला चिकटलं ते चिकटलंच. १९४८ मध्ये अ‍ॅना मणी इथल्या उपकरण विभागात रुजू झाल्या. १९५३ पर्यंत तो विभाग त्यांच्या हाती आला. तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ माणसं होती, सगळे पुरुष.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नाकारून विश्वकोशाचे खंड मागितले, ही गोष्ट त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात असते. हिऱ्यांशी त्यांचा खरा संबंध पुढे बंगळूरला आला. १९४० मध्ये त्या तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि तीसहून अधिक हिऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. हिरा द्रवरूप हवेइतका थंड करायचा, त्यातून येणारा अंधूक प्रकाश फोटोच्या काचेवर पाडायचा आणि पंधरा ते वीस तास काहीही हलू द्यायचं नाही. मध्येच थंडावा कमी झाला की रेषा पसरट उमटते आणि सगळी रात्र वाया. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध लिहिले. प्रबंधही पूर्ण झाला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. त्या शेवटपर्यंत ‘मिस मणी’च राहिल्या, ‘डॉक्टर’ झाल्या नाहीत. त्याचं त्यांना फारसं वाटलेलं दिसत नाही. आम्हा वाचणाऱ्यांनाच जास्त लागतं.

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या त्या भौतिकशास्त्र शिकायला. जागा शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. ती घेतली.

स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या वेधशाळांतली साधी साधी उपकरणंही इंग्लंडहून येत. एखादं मोडलं की सुटा भाग मिळेपर्यंत त्या ठिकाणची नोंद बंद. मणींनी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाण आरेखनं तयार करवली आणि त्यांचं उत्पादन इथे सुरू केलं. वाचायला हे रुक्ष वाटेल, म्हणून पर्जन्यमापकाचं उदाहरण घेते. जुन्या धाटणीच्या मापकाच्या तोंडाचा व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. पत्रा ठोकणाऱ्याने तो एका मिलिमीटरने मोठा केला तर तोंडाचं क्षेत्रफळ दीड टक्क्याहून जास्त वाढतं. वर्षाला २००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात तीसेक मिलिमीटर पाऊस नुसता कागदावर पडतो. काठाची धारही सांभाळावी लागते. आतली बाजू सरळ उभी आणि बाहेरची उतरती हवी, म्हणजे धारेवर पडलेला थेंब आत की बाहेर याचा निकाल स्वच्छ लागतो. काठ गोलसर ठेवला तर थेंब उडून आत येतात. तोंडाला पोचा पडून ते लंबगोल झालं की क्षेत्रफळ घटतं आणि पाऊस कमी दिसतो. म्हणून आरेखनात नुसतं माप लिहून भागत नाही, किती फरक चालेल हेही लिहावं लागतं. तसं लिहिलेलं असेल तर कुठल्याही गावातला कारागीर तोच भाग पुन्हा बनवू शकतो.

चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, असं त्या म्हणत. या कामात मुरलेल्या माणसाला ते लगेच पटतं. रिकामा रकाना दिसतो तरी. चुकलेला आकडा खऱ्यासारखाच दिसतो आणि पुढे सरासरीत मिसळून जातो.

त्यांचं मला सर्वांत आवडणारं काम सूर्यप्रकाश मोजण्याचं. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं आणि त्यासाठी लागणारी उपकरणं इथे बनवून घेतली. त्यातलं मुख्य उपकरण म्हणजे काचेच्या दोन घुमटांखाली बसवलेली काळी तबकडी. ऊन पडलं की तबकडी तापते, तिच्याखालच्या दोन धातूंच्या जोडांमध्ये काही मिलिव्होल्ट विद्युतदाब तयार होतो आणि तो नोंदवायचा. घुमट एकच का नाही? रात्री निरभ्र आकाशाखाली बाहेरची काच थंड पडते, दुपारी तापते, आणि तबकडीशी तिची उष्णतेची देवाणघेवाण सुरू होते. दुसरा घुमट मध्ये आला की ही ढवळाढवळ बरीच कमी होते.

हे उपकरण बिघडतं ते बहुधा क्षुल्लक कारणांनी. बाहेरच्या घुमटावर धूळ, दव, पक्ष्यांची विष्ठा: रोज सकाळी ऊन चढण्याआधी मऊ कापडाने पुसलं नाही तर दिवसभराची नोंद कमी येते. आतली हवा कोरडी ठेवणारे सिलिका जेलचे खडे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे, नाहीतर आतून बाष्प धरतं. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यभागी नसेल तर सकाळचं ऊन जास्त आणि संध्याकाळचं कमी दिसेल, किंवा उलट. आकाशातून विखरून येणारा प्रकाश वेगळा मोजायचा असेल तर सूर्य झाकणारी पट्टी लावतात. सूर्य उत्तरेला-दक्षिणेला सरकतो तशी तीही काही दिवसांनी सरकवावी लागते. सरकवायला विसरलं की थेट ऊन आत शिरतं आणि ‘विखुरलेला’ प्रकाश एकाएकी वाढलेला दिसतो.

आता प्रश्न असा, की मिलिव्होल्टवरून ऊन किती हे कशाच्या जोरावर सांगायचं? त्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम यांचं जुनं, देखणं उपकरण वापरत. एका नळीच्या तळाशी काजळलेल्या दोन पातळ, अगदी सारख्या धातूच्या पट्ट्या असतात. एकीवर ऊन पाडायचं, दुसरी सावलीत ठेवून तिच्यातून वीज सोडायची. दोन्हींचं तापमान सारखं झालं की काटा शून्यावर येतो. म्हणजे सूर्य जेवढी उष्णता देतो तेवढीच आपण विजेने दिली. विजेचा प्रवाह मोजता येतो आणि त्याच्या वर्गावरून ऊन निघतं. मग पट्ट्यांची अदलाबदल करून पुन्हा तेच. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत तर दिवस सोडून द्यायचा. ढगाचा विरळ पापुद्राही चालत नाही, त्यामुळे हे काम पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ आकाशात उत्तम होतं. सूर्याला तराजूच्या एका पारड्यात घातल्यासारखी ही रीत आहे.

हे सगळे आकडे पुढे त्यांनी दोन जाडजूड ग्रंथांत आणले. १९८० साली भारतातल्या सौर किरणोत्सर्गाच्या आकडेवारीची हस्तपुस्तिका आली आणि १९८१ मध्ये तिला जोडून दुसरा ग्रंथ. सौरऊर्जेचा आजच्यासारखा बोलबाला नव्हता, तेव्हा.

ओझोनचं काम १९६० च्या सुमारास सुरू झालं. वरच्या हवेतला ओझोन मोजणारं हे यंत्र रबरी फुग्याखाली लटकवून वर सोडायचं. एक छोटा पंप बाहेरची हवा ओढून पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुड्यांनी सोडतो. हवेतला ओझोन द्रावणातून आयोडिन मोकळं करतो आणि त्या प्रमाणात काही मायक्रोअँपिअर इतका बारीक प्रवाह वाहतो. रेडिओ तो आकडा खाली पाठवतो. कल्पना एवढी सोपी असूनही यंत्र जमवायला वर्षं गेली, याची कारणं बारीकसारीक आहेत. ओझोन रबर खातो, म्हणून हवेच्या वाटेत रबर चालत नाही. नवी कोरी नळी आणि पंपही आतून थोडा ओझोन गिळतात, म्हणून उड्डाणाआधी त्यातून मुद्दाम ओझोन खेळवून त्यांची भूक मारायची. वर हवा विरळ होते तसा पंपाचा दम कमी पडतो. तिथल्या आकड्यांना दुरुस्ती लावली नाही तर उंचावरचा ओझोन खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. द्रावण गोठू नये म्हणून सगळं थर्मोकोलच्या पेटीत. शेवटी, जमिनीवरून डॉब्सन उपकरणाने मोजलेल्या एकूण ओझोनशी ताळा करायचा आणि फार अंतर पडलं तर ते उड्डाण बाद. १९६७ पर्यंत भारतीय बनावटीचं हे यंत्र तयार होतं, आणि पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरम इथून ते नियमित आकाशात जाऊ लागलं. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी जगाला १९८५ मध्ये कळली. ज्यांच्याकडे आधीच्या वर्षांचे आकडे होते त्यांनाच तेव्हा तुलना करता आली.

केरळातल्या थुंब्याच्या अग्निबाणतळावरची हवामान वेधशाळाही त्यांनीच उभी केली, विक्रम साराभाई यांच्या सांगण्यावरून. हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी वाऱ्याचं सर्वेक्षण हाती घेतलं. देशात सातशेहून जास्त ठिकाणी वारा मोजला गेला. इथे चूक फार महाग पडते. पवनचक्कीला मिळणारी ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दहा टक्के जास्त धरला तर वीज तेहतीस टक्के जास्त मिळेल असा हिशेब होतो आणि चक्की उभी राहिल्यावर मालक कपाळाला हात लावतो. उलटही होतं: वेगमापकाचं बेअरिंग घासलं, शेजारी झाडं वाढली की चांगली जागाही भिकार ठरते.

बाई म्हणून कौतुक केलेलं त्यांना फारसं रुचत नसे. बायका आणि विज्ञान म्हणून एवढा गाजावाजा कशाला, असा त्यांचा सूर असे. पण बाईच्या हातून प्रयोगात बारीकशी चूक झाली तरी ती लगेच नालायकीचा पुरावा ठरते, हेही त्यांनीच सांगितलं आहे. या विभागात त्यांचं नाव घातल्याबद्दल त्यांनी मला बहुधा झापलंच असतं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम इथे त्यांचं निधन झालं.

आता शाळेच्या उपकरणांविषयी, कारण ती मुलींच्या हाती जाणार आहेत.

पर्जन्यमापक व्हरांड्याजवळ सोयीचा म्हणून बसवू नका. जवळची भिंत किंवा झाड मापकाच्या तोंडापासून जितकं उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं. मैदानाच्या कोपऱ्यातला गुलमोहोर दरवर्षी वाढतो, तेव्हा हे अंतर दर मे महिन्यात पुन्हा पाहायचं. आपल्याला मिळालेल्या मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं आहे, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. बाजारात १०० चौरस सेंटिमीटरचाही मापक मिळतो आणि त्याचा काचेचा पेला वेगळा असतो. आपला पेला फुटल्यावर चुकून तो आणला तर पाऊस थेट दुप्पट नोंदला जाईल. पेला घेताना त्यावरचा आकडा वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

जूनच्या आधी गळती तपासायची. पेल्याने मोजून २० मिलिमीटर पाणी आत ओता, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. कमी भरलं तर सांधा गळतो आहे. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर पाणी वरच साचतं आणि उडून जातं, तेव्हा तो रोज काढायचा.

तापमापकांच्या पेटीचं दार उत्तरेला. दक्षिणेला ठेवलं तर वाचायला उघडताक्षणी ऊन आत पडतं आणि पारा चढतो. आधी आकडा वाचायचा, मग बोलायचं; तोंड जवळ नेऊन श्वास सोडला तरी फरक पडतो. ओल्या फुग्याच्या तापमापकावरची (हवेतला दमटपणा काढण्यासाठी ज्याचा पाऱ्याचा फुगा ओल्या कापडात ठेवतात त्यावरची) मलमल दर आठवड्याला बदला आणि ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. बोअरवेलच्या पाण्याने क्षार साचतात, कापड नीट भिजत नाही, तापमान खरं आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि हवा दमट नसतानाही दमट ठरते.

नोंद सकाळी साडेआठला, रोज. पेला सपाट टेबलावर ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, पाण्याच्या वाकाचा तळ वाचायचा. रविवारी कुणी आलं नाही तर त्या रकान्यात शून्य लिहू नका. कोरा ठेवा, आणि सोमवारी मोजलेल्या पाण्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा. दिवाळीच्या सुट्टीत कोण येणार त्याची नावं आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि फाटकाची एक किल्ली त्यांच्याकडे द्या.