तहसील, महसूल, हशील

परभणीच्या आमच्या घरात आजोबांच्या जमिनीचे निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत. ते लावायला म्हणून अरबी शब्दकोश घेतला, आता तो हातातून सुटत नाही. ‘तहसील’ त्यात ‘त’खाली नाही, ह-स-ल या धातूखाली आहे. तिथेच महसूल, तिथेच हासिल. आपण ‘बोलून काय हशील?’ म्हणतो ना, तेही त्याच घरातलं! तीन व्यंजनांचा क्रम मोडत नाही. स्वर आणि मागचेपुढचे वर्ण तेवढे बदलतात. मूळ अर्थ हाती येण्याचा, गोळा होण्याचा. हिब्रूची, प्राचीन इराकातल्या अक्कदी भाषेची घडणही अशीच. मातीच्या पाट्यांवरच्या त्या अक्कदीचा शिकागोतला कोश १९२१ साली सुरू झाला आणि २०११ साली पुरा झाला. ९० वर्षं! अशा कामाला मी मनापासून हात जोडतो. सध्या व-स-ल वाचतोय: वसूल, वसुली.