न्यूट्रॉनच्या वाटेला जाऊ नका

"दोन रात्रींत पोचशील रे, वाटेत स्कूप करायची, ताऱ्याजवळून इंधन भरून घ्यायची, कटकटसुद्धा नाही," फोंड्याच्या दादाने छातीठोक सांगितलं होतं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. त्याच्यावर आणि वीस मिनिटांच्या एका व्हिडिओवर विसंबून आषाढातल्या एका शुक्रवारी रात्री डिचोलीच्या आमच्या घराच्या माडीवरून, संगणकावरच्या खेळात, आकाशगंगेच्या मध्याकडे निघालो. पोचलो अकराव्या रात्री. जहाजाचं कवच तोवर 38 टक्क्यांवर आलं होतं, समोरच्या काचेला तडे होते आणि दादाचे चार फोन मी उचलले नव्हते.

खेळ एलिट डेंजरस. यातली आकाशगंगा खऱ्या मापाची आहे, सुमारे 400 अब्ज तारामंडळांची, आणि सूर्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 25,900 प्रकाशवर्षं. जहाज कसं बांधायचं ते इथे लिहीत बसत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही सात अक्षरं झोपेतून उठवलं तरी ज्याला म्हणता येत नाहीत, त्याने घर सोडूच नये. इंधन याच सात जातींच्या ताऱ्यांकडून मिळतं, बाकी सगळे शोभेचे. माझं जहाज डायमंडबॅक एक्सप्लोरर. दिसायला ओबडधोबड, पण तापत नाही, आणि लांबच्या प्रवासाला तेवढा एक गुण पुरेसा आहे. ज्यांना रूप हवं त्यांनी दुसरं घ्यावं आणि भोगावं.

आता न्यूट्रॉनची वाट म्हणजे काय ते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या दोन ध्रुवांतून पांढरट निळे झोत निघतात. त्या झोताच्या टोकाशी जहाज घातलं की ड्राइव्ह, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर उडी मारणारं यंत्र, भारला जातो आणि पुढची एक उडी चौपट लांब पडते. माझी एरवीची उडी साठेक प्रकाशवर्षांची, ती अडीचशेच्या घरात गेली. पहिल्या रात्री मी अक्षरशः हवेत होतो. तीन तासांत जेवढं अंतर कापलं तेवढं साध्या उड्यांनी दोन रात्रींत झालं नसतं. आईने खालून दोनदा हाक मारली, "जेवण निवलं रे बाबा," ती ऐकूही आली नाही. त्या रात्री कुणी विचारलं असतं तर मीही दादासारखंच छातीठोक सांगितलं असतं.

दादाने काय सांगितलं नाही ते ऐका. न्यूट्रॉन ताऱ्यावर इंधन मिळत नाही. माझी टाकी 32 टनांची आणि लांबात लांब उडीला जातं 5 टन. उडी चौपट झाली तरी इंधन तेवढंच जातं हे खरं, पण सहा उड्या ओळीने न्यूट्रॉनवरच पडल्या तर टाकी संपलीच म्हणायची. आखून मिळणाऱ्या मार्गाच्या यादीत कुठे थांबून भरून घ्यायचं त्याची सूचना असते. मी धुंदीत तिकडे बघितलंच नाही. चोर्ला घाटात भर पावसात गाडीचा काटा लाल रेघेवर आल्यावर आठवतं ना, की साखळीला पंप होता, तसं झालं.

तिसऱ्या रात्री पावणेदोनला पुढच्या न्यूट्रॉनपर्यंत अंतर 80 प्रकाशवर्षं होतं, टाकीत 6 टन होते आणि यादी म्हणत होती: मधल्या श्वेतबटूवर, म्हणजे व्हाइट ड्वार्फ ताऱ्यावर, ड्राइव्ह भारून घ्या. श्वेतबटूलाही तसेच झोत असतात, उडी दीडपट होते. हिशेब बरोबर होता. जागा मात्र मरणाची होती.

न्यूट्रॉनचा झोत लांबलचक असतो, त्यामुळे ताऱ्यापासून भरपूर दूर राहून त्याच्या टोकाला स्पर्श करता येतो. श्वेतबटूचा झोत आखूड. ताऱ्याभोवती जो निषिद्ध पट्टा असतो, म्हणजे ज्याच्या आत गेलं की जहाज सुपरक्रूझमधून (मंडळातल्या अतिवेगवान प्रवासातून) धाडकन बाहेर फेकलं जातं, तो या झोताला जवळजवळ गिळून बसलेला असतो. उपयोगाचा भाग उरतो तो टोकाचा चिंचोळा तुकडा. मी न्यूट्रॉनच्या सवयीने मजेत आत शिरलो. धक्का बसला, भोंगा वाजला आणि जहाज झोताच्या आतच, साध्या वेगावर, कोलांट्या खायला लागलं.

पुढची दीड मिनिटं नीट आठवतात. पडदा पांढरा, निळा, काळा, पुन्हा पांढरा. तारा डावीकडून येतो, डोक्यावरून जातो. उष्णता 100 टक्क्यांच्या वर गेली की यंत्रं जळायला लागतात. माझा आकडा 140 वर. उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक एक सोडला, आकडा पडला, पुन्हा चढला. ड्राइव्ह सुरू होईना, कारण असं आपटून बाहेर पडल्यावर तो थंड व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो, आणि तो वेळ मला त्या कढईत काढायचा होता. काचेला पहिला तडा गेला तेव्हा आवाज हेडफोनमध्ये इतका कोरडा आला की मी खरंच खिडकीकडे बघितलं. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याच क्षणी वीज गेली, यूपीएस टीं टीं करायला लागला. दोन हीट सिंक शिल्लक होते, दोन्ही वापरले. मग तारा पाठीमागे घेण्याचा नाद सोडला आणि झोताला आडवं तोंड करून, नाक कुठेही असो, बूस्ट दाबत राहिलो. बाहेर पडलो तेव्हा ड्राइव्ह 61 टक्के होता.

आणि आता खरी चीड आणणारी गोष्ट. नकाशा उघडून मार्ग 'जलद' वरून 'किफायती' केला, तर 14 प्रकाशवर्षांवर के जातीचा तारा हजर. आखूड उडीला इंधन नुसतं अंतराच्या प्रमाणात कमी लागत नाही, कितीतरी पटींनी कमी लागतं. ती उडी पाव टनात झाली. म्हणजे श्वेतबटूला हात लावायची मला काडीची गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण, तेही यादीत लिहिलं होतं म्हणून.

तेव्हा मागून येणाऱ्यांनी एवढं करा. श्वेतबटू दिसला की उडी संपल्यासंपल्या वेग शून्यावर आणून तोंड फिरवा, झोत मोजायलाही थांबू नका. दीडपट उडीसाठी जहाज पणाला लावणारा शहाणा नाही, मी तरी नव्हतो. न्यूट्रॉन घ्यायचाच असेल तर टाकी निम्म्याच्या वर असताना घ्या, झोताच्या टोकाकडून, ताऱ्याकडे पाठ ठेवत. प्रत्येक भारण्यात ड्राइव्ह थोडा झिजतो, म्हणून दुरुस्ती युनिट दोन ठेवा, एक पुरत नाही. ड्राइव्ह 80 टक्क्यांच्या खाली गेला की ऐनवेळी दगा देऊ शकतो. दुरुस्तीच्या वेळी तो बंद राहतो, त्यामुळे हे काम मोकळ्या जागी उभं राहून करा. हे युनिट कवच मात्र शिवत नाही, त्यासाठी वेगळे लिंपेट, म्हणजे छोटे ड्रोन, लागतात. माझ्याकडे नव्हते. वजन वाचवलं होतं ना!

आणि इंधन खरंच संपलं तर जागेवरच थांबा. फ्युएल रॅट्स नावाची खेळाडूंचीच टोळी 2015 पासून अडकलेल्यांना इंधन पोचवते, फुकट. प्राणवायूची उलटी मोजणी सुरू झाली असेल तर आधी खेळातून मुख्य मेनूवर या, मग त्यांना बोलवा. तशी वेळ माझ्यावर आली नाही. दोन उड्या आणखी चुकलो असतो तर आली असती.

चौथ्या रात्रीपासून न्यूट्रॉन सोडले. पुढचे पाच दिवस काही घडलं नाही. छान होते.

वाट बदलल्याचा फायदा मात्र सांगितला पाहिजे, कारण कमाई तिथेच झाली. न्यूट्रॉनच्या वाटेवर तीन रात्रींत मी जे जे स्कॅन केलं त्या प्रत्येकावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव आधीच लागलेलं. सगळं जग त्याच रस्त्याने गेलंय, मे महिन्यातलं कळंगुट नुसतं. मग मी आकाशगंगेच्या पातळीपासून हजारेक प्रकाशवर्षं खाली उतरलो आणि तिथून समांतर निघालो. दुसऱ्याच मंडळापासून 'प्रथम शोध' माझ्या नावावर पडायला लागले.

स्कॅन करताना लोक फार वेळ घालवतात. माझी पद्धत अशी: पोचताच स्कूपच्या पट्ट्यात जहाज आणायचं, नाक ताऱ्यापासून बाजूला, वेग शून्य. टाकी भरते तोवर हाँक मारायचा, म्हणजे सगळ्या मंडळाची एक झटपट चाचपणी करायची, मग एफएसएस हा दुरून ग्रह शोधायचा स्कॅनर उघडायचा. पट्टीवर काटा सरकवताना प्रत्येक जातीच्या ग्रहाचा आवाज वेगळा येतो. बर्फाळ गोळ्यांचा तो कुरकुरता रटाळ आवाज दोन दिवसांत पाठ होतो, त्यांच्याकडे ढुंकून बघू नका, एकेकाचे पाचशे क्रेडिट मिळतात. पाण्याच्या ग्रहाचा आवाज ऐकल्यावर मात्र मान आपोआप पुढे येते. तिथपर्यंत जायचं आणि प्रोब सोडून नकाशा काढायचा. प्रोब थेट ग्रहावर मारणारे अर्धा गोळा झाकून परत येतात. ग्रहाच्या कडेबाहेर नेम धरा, गुरुत्व त्याला वळवून मागच्या बाजूला नेतं. ठरवून दिलेल्या संख्येत काम उरकलं तर वर बक्षिसी. पृथ्वीसारखा ग्रह मला सगळ्या प्रवासात एकच मिळाला. सकाळी पातळभाजी-पाव खातानाही मी त्याचाच फोटो उघडून बसलो होतो.

सॅजिटेरियस ए-स्टार, मध्यावरचं ते कृष्णविवर? दहा मिनिटांचं काम. मधे काळं वर्तुळ, मागच्या ताऱ्यांचा प्रकाश त्याच्या कडेने वाकून गेलेला. ओढून बिढून काही घेत नाही. फोटो काढा आणि निघा.

लुटला गेलो ते त्यानंतर. खेळात जुना नियम आहे, जहाज फुटलं की स्कॅन करून जमवलेली, न विकलेली सगळी माहिती गेली. कवच 38 टक्के, गाठीशी सहा कोटींची माहिती, जीव मुठीत. जवळच एका खेळाडूचं कॅरियर, म्हणजे इतर जहाजांना उतरता येईल असं अजस्र जहाज, उभं होतं, नावातच 'मदत' हा शब्द. उतरलो, सगळं विकलं, हुश्श केलं. आकडा बघितला तर साडेचार कोटी. कॅरियरवर माहिती विकली की चौथा हिस्सा कापला जातो आणि त्यातला निम्मा मालकाच्या खिशात. नियमच तसा आहे, मालकाने फसवलं असं म्हणता येत नाही, पण पाटीवर कुठेतरी लिहायला काय जात होतं? किनाऱ्यावर खाट आणि छत्री भाड्याने घेणाऱ्या पर्यटकांना आम्ही गोंयकार इतकी वर्षं हसत आलो. इथे तो पर्यटक मी.

त्याहून वाईट म्हणजे थोड्याच उड्यांवर एक्सप्लोरर्स अँकरेज नावाचं पूर्ण स्थानक आहे. 2019 च्या डिस्टंट वर्ल्ड्स टू मोहिमेतल्या खेळाडूंनी माल वाहून ते उभं करवलं. तिथे माहितीला पूर्ण भाव मिळतो आणि कवचही दुरुस्त होतं. मंडळाचं नाव लिहून घ्या: स्टुएमी एफजी-वाय डी7561. निघण्याआधी नकाशावर खूण करून ठेवा. मला ते कळलं दुसऱ्या दिवशी, दादाकडूनच. "तुला ठाऊक असेल असं वाटलं मला," म्हणाला.

जहाज सध्या तिथेच उभं आहे, कवच 100 टक्के, काच नवी, लिंपेट भरलेले. परतीला पुन्हा खालून, साध्या उड्यांनी येणार. चवथीला दादा आमच्याकडे येतोय, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला. दीड कोटींचा हिशेब तेव्हा काढीन, तो शिडीवर चढलेला असताना.