तुम्ही विचारलंत म्हणून: “आमच्या मुलाला ध्येयच नाही हो, बाई”

पालकसभेत हजेरीचं आणि गुणांचं बोलून झालं की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, “बाई, आमच्या मुलाला ध्येयच नाही हो. ध्येय ठरवायला कसं शिकवायचं त्याला?” वडील विचारतात तेव्हा आवाजात थोडा रागही असतो. शेजारचा मुलगा आत्तापासून एमपीएससी म्हणतो, आमचा काहीच म्हणत नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आठवीचा वर्ग माझ्याकडे असतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो. दारात उभं राहून त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तेराव्या वर्षी मोठेपणी काय व्हायचं ते ठरलेलं नसलं, तर त्यात काळजीचं काही नाही. त्याने अजून पाहिलंय काय? शिक्षक, पोलीस, डॉक्टर, दुकानदार, शेती आणि मोबाइलमध्ये दिसणारी माणसं. एवढ्यातून आयुष्य निवड म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. या वयात शिकवता येतं ते वेगळंच. या आठवड्यात मी अमुक करीन असं स्वतः ठरवायचं, ते करायचं, आणि झालं की नाही हे खरेपणाने बघायचं. हे ज्याला जमतं, तो पुढे मोठंही काही ठरवू शकतो. “कलेक्टर होणार” असं ठणकावून सांगणाऱ्याला ते जमेलच असं नाही.

एक गैरसमज आधी दूर करते, कारण तो शाळाशाळांतल्या व्याख्यानांतून पसरलेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या पदवीधरांपैकी फक्त ३ टक्के मुलांनी आपलं ध्येय लिहून ठेवलं होतं, आणि वीस वर्षांनी त्यांच्याकडे उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती होती, अशी ती गोष्ट. कधी येलच्या जागी हार्वर्ड असतं. असा अभ्यास झालेलाच नाही. फास्ट कंपनी या अमेरिकन मासिकाने १९९६ मध्ये त्याचा माग काढला, तर तो अभ्यास कुठेच सापडला नाही. ही गोष्ट मला फार खटकते. ती ऐकणाऱ्या ज्या मुलांना कागदावर लिहायला काहीच सुचत नाही, ती मुकाट्याने स्वतःला त्या ९७ मध्ये धरतात.

आमच्याकडे आठवीला एनएमएमएसची परीक्षा असते. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात मुलीची शाळा पुढे चालू राहायला तेवढाही आधार पुरतो. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. ध्येय ठरवायला शिकवण्यासाठी मला याहून चांगलं निमित्त सापडलेलं नाही.

पहिल्या दिवशी बहुतेक जण वहीत लिहितात, “मला एनएमएमएस मिळवायची आहे.” इच्छा म्हणून हे चांगलंच आहे. पण जागा ठरलेल्या असतात, निवड गुणवत्ता यादीतून होते, आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना किती गुण पडतील ते आपल्या मुलीच्या हातात नसतं. मग तिच्या हातात काय आहे? एका मुलीशी झालेलं बोलणं सांगते.

“येत्या शनिवारपर्यंत काय करशील?”

“भरपूर अभ्यास करीन, बाई.”

“भरपूर झाला की नाही, हे शनिवारी तुला कसं कळेल?”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आकृत्यांचे प्रश्न चुकतात माझे. रोज दहा सोडवीन.”

“कधी गं?”

“रात्री जेवल्यावर.”

“जेवल्यावर भांडी कोण घासतं?”

“मीच.” पुन्हा विचार. “मग सकाळी, पाणी भरून झालं की.”

सगळं शिकवणं एवढंच. यात दहाचा आकडा तिचा, विषय तिचा, वेळही तिचीच आहे. मी फक्त प्रश्न विचारले. आता हे प्रश्न मुलं जोडीजोडीने एकमेकांना विचारतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त चिवटपणे विचारतात.

जवळचं ध्येय का, याला आधार आहे. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गणितात फार मागे असलेल्या सात ते दहा वर्षांच्या मुलांना वजाबाकीची ४२ पानं आणि सात बैठका दिल्या. काही मुलांना सांगितलं, दर बैठकीत सहा पानं करा. काहींना सांगितलं, सातव्या बैठकीअखेर ४२ पानं संपवा. काहींना कुठलंच ध्येय दिलं नाही. काम सगळ्यांना तेच होतं. सहा-सहा पानांवाली मुलं सगळ्यांत पुढे गेली. वजाबाकी सुधारली, “मला जमतं” हा विश्वास वाढला, आणि गणिताची गोडीही लागली. ४२ पानांचं दूरचं ध्येय दिलेल्या मुलांना त्या ध्येयाचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. गोडी आधी लागते आणि मग अभ्यास होतो, असं आपण धरून चालतो. इथे रोजचं थोडंथोडं पुरं होत गेलं आणि गोडी त्यातून आली.

दुसरी शिकवण्याची गोष्ट म्हणजे अडचण आधीच मोजणं. गॅब्रिएल एटिंगेन आणि पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. आपल्याला काय हवं ते डोळ्यांपुढे आणायचं, लगेच त्यात काय आडवं येईल तेही आणायचं, आणि तसं झालं तर काय करायचं ते आधी ठरवून ठेवायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अमेरिकन हायस्कूलच्या मुलांकडून परीक्षेच्या तयारीआधी अर्ध्या तासात असं लिहून घेतलं होतं. त्या मुलांनी सुट्टीत इतरांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त सराव प्रश्न सोडवले. आमच्या वर्गातल्या अडचणी आमच्या असतात. वीज गेली तर? पाहुणे आले तर? फोन बाबांबरोबर रानात गेला तर? मुलं लिहितात: फोन नसला तर मी पुस्तकातला सरावसंच घेईन, पाहुणे आले तर मैत्रिणीच्या ओट्यावर जाईन. हे लिहिलेलं असलं की अडचण आली त्या दिवशी वही आपोआप बंद होत नाही.

आकड्यांची मात्र एक खोड आहे. “रोज दहा” ठरलं की काही मुलं पुस्तकाच्या शेवटची उत्तरं उतरवतात आणि दहा पूर्ण करतात. त्यावर रागावून काही होत नाही. मी त्यांना दहाऐवजी चारच ठेवायला सांगते, आणि त्यातलं एक जोडीदाराला समजावून सांगायचं. ते उतरवून जमत नाही. भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावून चांदण्या चिकटवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. ज्याला चांदणी मिळत नाही, तो पुढच्या आठवड्यात मुद्दाम सोपं ठरवतो किंवा ठरवणंच सोडतो. वही त्याची आणि जोडीदाराची. मी मागितली तर बघते.

घरी तुम्ही काय कराल? रविवारी संध्याकाळी एकदाच विचारा, “या आठवड्यात काय ठरवलं होतंस? झालं का?” झालं नसेल तर “कशामुळे?” आणि “आता किती ठेवायचं?” एवढंच. आकडा कमी केला तर करू द्या. शेजारच्याचं नाव काढू नका. तो क्रिकेटचं ठरवेल, चित्रांचं ठरवेल, तेही चालेल. आणि तो आपणहून म्हणाला की मला पोलीस व्हायचंय, तर हसू नका, गावातल्या कुणा पोलिसाशी अर्धा तास बोलायला घेऊन जा.

मग मोठं ध्येय कधी, हे तुम्ही विचारालच. दहावीनंतर विज्ञान, कला, वाणिज्य, आयटीआय की डिप्लोमा, हे ठरवायची वेळ येते, आणि तेव्हा बहुतेक घरांत गुण आणि मामाचा सल्ला यांवर निकाल लागतो. त्याआधी त्याच्या आठवी-नववीच्या या वह्या काढून त्याच्याबरोबर बसा. कुठलं काम त्याने न सांगता वाढवत नेलं आणि कुठलं दर आठवड्याला टाळलं, हे त्यात त्याच्याच अक्षरात असतं. फॉर्म त्यानंतर भरा.