रात्रीचा ताफा

कालची पुणे–सातारा नाइट ड्राइव्ह मस्त झाली. पुढच्या वेळी येणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

एका गटात सहाच गाड्या बऱ्या. पुढे रस्ता पाठ असलेला, शेवटी सगळ्यात अनुभवी. ताफा हमखास तुटतो तो खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर, कारण जो तो वेगळ्या लेनमध्ये शिरतो. तिथे कडेला थांबू नका, पुढचा पेट्रोलपंप आधीच ठरवा. खंबाटकी घाटात मागच्याचा हाय बीम आरशातून थेट डोळ्यांत येतो, म्हणून लो बीम आणि तीन सेकंदांचं अंतर. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) तर लावूच नका, कोण कुठे वळतोय तेच कळत नाही! हवा टायर थंड असतानाच भरा, गरम टायर प्रेशर जास्त दाखवतो. आणि स्टेपनीही तपासा, ती सगळेच विसरतात.