साखर न घालता ख्रिसमसचा फ्रूट केक

मनुका आणि खजूर यांच्या वजनातला साधारण 60 ते 65 टक्के भाग साखरच असतो. म्हणजे केकमध्ये अर्धा किलो सुकी फळं पडली की 300 ग्रॅमच्या आसपास साखर आपसूक आली. त्यावर आणखी 250 ग्रॅम ब्राउन शुगर, पाकवलेल्या चेरी आणि वरून आयसिंग. मग गोडापुढे काहीच लागत नाही. संत्र्याची साल, जायफळ, भाजलेला अक्रोड, ज्यांच्यासाठी हा केक करायचा ते सगळे स्वाद त्यात बुडून जातात.

मात्र नेहमीच्या कृतीतून साखर नुसती काढून टाकली तर केक दडदडीत होतो. लोण्याबरोबर फेटताना साखरेचे कण हवा धरतात, भाजल्यावर तीच साखर ओलावा राखते आणि केक टिकवते. हवेचं काम अंडी आणि बेकिंग पावडर करू शकतात, ओलाव्याचं खजूर. टिकवण्याचं काम मात्र कोणीच करत नाही, म्हणून हा केक महिनाभर आधी करून ठेवायचा नाही. 22-23 डिसेंबरला भाजा.

18 सेंटीमीटरच्या खोल, गोल भांड्याचं प्रमाण देते. आदल्या दिवशी 400 ग्रॅम सुकी फळं घ्या: काळ्या मनुका, बेदाणे, जर्दाळू, अंजीर. जर्दाळू आणि अंजीर मनुकेएवढेच चिरा. 150 मिली संत्र्याच्या रसात मंद आचेवर 2-3 मिनिटं गरम करा आणि गार झाल्यावर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळू नका. कोरडी फळं केकमधलंच पाणी ओढून घेतात आणि सुरी लावली की काप भुगा होऊन पडतो. रममध्ये फळं कित्येक आठवडे राहतात, पण रसात भिजवलेली दोन दिवसांपलीकडे ठेवली तर आंबतात.

200 ग्रॅम बिनबियांचा खजूर 150 मिली उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून पाण्यासकट गुळगुळीत वाटा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट असला तरी लोणी वितळतं आणि फेटण्याची सगळी मेहनत वाया जाते. 125 ग्रॅम बिनमिठाचं बटर, बोटाने दाबलं की खळगा पडेल इतकं मऊ, पांढुरकं होईपर्यंत फेटा आणि त्यात खजूर मिसळा. मग 3 अंडी एकेक करून घाला. ती आधी तासभर फ्रिजबाहेर काढलेली हवीत. थंड अंड्याने मिश्रण फाटतं, दह्यासारखं कणीदार दिसायला लागतं. तसं झालंच तर चमचाभर पीठ घालून फेटा, सावरतं.

175 ग्रॅम गव्हाचं पीठ, 50 ग्रॅम बदामाची पूड, 2 सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर, 1 छोटा चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. चाळणीत उरलेला कोंडा परत त्यातच टाका. पीठ हलक्या हाताने मिसळा. शेवटी निथळलेली फळं, 60 ग्रॅम भाजलेले अक्रोड आणि एका संत्र्याची किसलेली साल. साल किसताना पांढरा भाग नको, तो कडू असतो.

फळं तळाला बसतात ती मिश्रण पातळ झालं म्हणून किंवा फळं ओली राहिली म्हणून. फळांना पीठ चोळल्याने थोडाच फरक पडतो. चमचा आडवा धरला तर मिश्रण ओघळू नये, थबकन पडावं.

भांड्याला बटर पेपरचे दोन थर लावा. ओव्हन आधी तापवून 150 अंशांवर 75 ते 90 मिनिटं भाजा. खजुरातली साखर लवकर करपते, त्यामुळे 180 अंशांवर वरचा भाग काळा होतो आणि मधलं कच्चं राहतं. 50 मिनिटांनी वर फॉइल सैलसर झाका. विणायची सुई दोन जागी खुपसून बघा, कारण एखादी मनुका टोचली गेली तर सुई चिकट येतेच. मिश्रण लागलेलं नको. केक भांड्यातच पूर्ण गार करा आणि दुसऱ्या दिवशी कापा.

आता स्पष्ट सांगायची गोष्ट. हा केक हलका नाही. वरच्या प्रमाणात 50 ग्रॅमच्या कापात साधारण 150 ते 160 किलोकॅलरी येतात, नेहमीच्या फ्रूट केकपेक्षा फार कमी नाहीत. सुक्या फळांचं आणि गव्हाच्या पिठाचं चोथायुक्त अन्न पोटात जातं आणि वरून घातलेली साखर टळते, हा त्यातला खरा फायदा. मधुमेह असलेल्यांनी ‘बिनसाखरेचा’ या शब्दावर विसंबून दोन काप घेऊ नयेत. आणि साखरेऐवजी मध घालून ‘पौष्टिक’ म्हणणं तर सोडूनच द्या. जागतिक आरोग्य संघटना मधालाही साखरेच्याच हिशेबात धरते. 2015 च्या तिच्या सूचनांनुसार 2000 किलोकॅलरींच्या आहारात अशी साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत हवी, आणि 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तमच.

25 डिसेंबरच्या एका जेवणाने कोणाचं काही बिघडत नाही. त्या दिवशी मनापासून खावं. बिघडतं ते 6 जानेवारीपर्यंत टेबलावर उघड्या राहिलेल्या कुकीच्या डब्यांनी आणि केकने, येता-जाता तोंडात टाकल्याने. म्हणून केक ज्या दिवशी कापायला घ्याल त्याच दिवशी पूर्ण कापून टाका. बोटभर जाडीचे काप, मध्ये बटर पेपरचे तुकडे, हवाबंद डबा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, फ्रीझरमध्ये दोन महिने. हवे तितकेच काप अर्धा तास आधी बाहेर काढा. थंड केकला संत्र्याचा वास येत नाही.