दोरीची भिंगरी: बोथट कड, सुटणारी मूठ

मंडळी, भिंगरीच्या या आवृत्तीत तीन गोष्टी जागेवर बसल्या आहेत: चकतीची कड, दोरी आणि ताण वाढला की आपोआप सुटणारी मूठ. चौथी अजून हट्टाला पेटलेली आहे, तिच्याबद्दल शेवटी. मोजमापं सगळी देते आहे, म्हणजे कुणाला बनवायची असेल तर पुन्हा पहिल्यापासून डोकं खाजवायला नको.

रचना आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. चकतीला मध्याच्या दोन बाजूंना दोन भोकं, त्यांतून ओवलेली बंद दोरी, दोन्ही टोकांना हात. पीळ द्यायचा, ओढायचं, पीळ उलगडताना चकती वेग घेते, आणि हात सैल सोडले की स्वतःच्याच वेगाने पुढे जाऊन उलटा पीळ भरते. पीळ फार झाला की दोरी नुसती वळत नाही, पिळावर पीळ चढतो, गाठींची माळ झाल्यासारखी दिसते. खरा जोर त्या दुहेरी पिळातच साठतो.

हे खेळणं साधं दिसतं म्हणून त्याचा वेग गांभीर्याने घेतला जात नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या गटाने याच तत्त्वावर कागदी चकतीचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून द्रवातले घटक वेगळे करणारं यंत्र, बनवलं. त्याचा मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंतचा वेग त्यांनी नोंदवला, आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा करून दाखवला. वीज नाही, मोटार नाही, फक्त दोरी आणि दोन हात. आपली चकती मोठी आणि जड, त्यामुळे आपण त्याच्या जवळपासही जात नाही. माझी ६० मिमी व्यासाची चकती जोर लावून ओढली की मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास जाते. पण हिशेब करून बघा: तेवढ्या वेगाला कडेवरचा बिंदू सेकंदाला जवळजवळ १९ मीटर धावतो, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. आणि हे सगळं चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

फेऱ्या कशा मोजल्या हे काहींनी विचारलं होतं. फोनचं स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम घेतं. चकतीवर एकच ठिपका असेल तर सेकंदाला १२० फेऱ्यांपर्यंतच त्यावर भरवसा ठेवता येतो, त्यापुढे ठिपका उलटा फिरताना दिसू लागतो आणि आकडा फसवा निघतो. त्यापेक्षा आवाज बरा. कडेजवळ सारख्या अंतरावर चार भोकं पाडली की फिरताना शीळ येते. फोनवर स्पेक्ट्रमचं, म्हणजे आवाजात कोणते स्वर किती आहेत ते दाखवणारं, अ‍ॅप लावायचं, स्वराची वारंवारता वाचायची, चाराने भागायचं. ४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनं, आले तर सेकंदाला १०० फेऱ्या. प्रत्येक ओढीबरोबर स्वर चढतो-उतरतो, त्यातला सगळ्यात वरचा धरायचा.

आता कड. बाटलीचं पत्र्याचं झाकण ठोकून सपाट केलेली भिंगरी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी फिरवली असेल, एकमेकांच्या दोऱ्या कापायच्या लढायाही केल्या असतील. ती खरंच कापते, आणि कारण तिची ताकद नव्हे. तो पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, वजन दोन-तीन ग्रॅम. साठलेली ऊर्जा माझ्या चकतीपेक्षा कितीतरी कमी. पण जी आहे ती सगळी पाव मिलिमीटरच्या धारेवर येते. माझी चकती सुमारे १६ ग्रॅमची. पूर्ण वेगात तिच्यात दीड जूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे १५० ग्रॅमची वस्तू एक मीटरवरून पडली तर येईल तेवढी. ती बोथट आणि मऊ कडेवर पसरली तर बोटाला चटका बसतो, जखम होत नाही. म्हणून वेग कमी करण्याच्या मागे मी लागले नाही. मंद भिंगरी कुणाला हवी असते?

सध्याची चकती दोन भागांची आहे. दोन्ही थ्रीडी प्रिंटरवर छापलेले. आतला गाभा पीएलए या कडक प्लास्टिकचा, ५० मिमी व्यास, ४ मिमी जाडी. त्याभोवती टीपीयू या रबरासारख्या मऊ प्लास्टिकची ६ मिमी रुंद कड, बाहेरून अर्धगोल. इथे एक गंमत आहे जी आधी लक्षात घ्यावी लागते. मऊ कड वेगात ताणली जाते. हिशेबाने टक्का-दीड टक्का, म्हणजे ५० मिमीच्या बसण्यावर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. हाताला घट्ट वाटणारी कड सहा हजार फेऱ्यांना सैल झालेली असते, आणि नुसत्या डिंकावर किंवा घट्ट बसण्यावर तिला सोडणं म्हणजे ती कधीतरी निसटणारच. उपाय दोन, दोन्ही केले आहेत: गाभ्याच्या परिघावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची खाच, ज्यात कडेची जीभ अडकते, आणि कड मुळातच किंचित लहान छापून ताणून चढवायची. थोड्या गरम पाण्यात टाकली की टीपीयू चढवायला सोपं जातं.

फिरण्यामुळे गाभा फुटेल का, ही भीती मात्र सोडून द्या. या वेगाला प्लास्टिकमधला ताण एका मेगापास्कलच्याही (ताण मोजायचं एकक) आत राहतो, आणि पीएलए ५० च्या घरात तुटतं. गाभा तडकतो तो फरशीवर आपटून, आणि तडा सुरू होतो दोरीच्या भोकापासून. म्हणून चकती आडवी छापायची, भोकांभोवती भिंतीचे थर वाढवायचे, आणि भोकाच्या दोन्ही तोंडांना गोलाई द्यायची. ही गोलाई दोरीसाठीही लागते. धारदार भोक दोरीला दर ओढीला थोडं थोडं कापत असतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस ती बरोबर तिथेच तुटते. प्रिंटर नसेल तर जाड पुठ्ठ्याचे थर चिकटवून ५ मिमीची चकती करा आणि कड पॉलिश पेपरने गोल करा. एकेरी पातळ पुठ्ठा मात्र नको. वेगात कागदाची धार काय करते ते वेगळं सांगायला नको.

भोकांमधलं अंतर हा चवीचा प्रश्न आहे. मला ७ मिमी आवडतं. जवळ घेतली तर चकती जास्त फेऱ्या घेते पण सुरुवातीला आळस करते. लांब घेतली तर पटकन झेप घेते आणि पीळ लवकर संपतो. अंतर कितीही ठेवा, दोन्ही भोकं मध्यापासून सारख्या अंतरावर आणि एकाच व्यासावर हवीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही हातात थरथर देतो, आणि थरथरणारी चकती दोरी लवकर झिजवते.

दोरीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. मासेमारीची नायलॉनची तार बाद: बारीक, कडक, बोटात रुतते, आणि तुटली तर टोक सुईसारखं राहतं. इलॅस्टिकही बाद. ताणलेलं इलॅस्टिक सुटलं की मूठ थेट तोंडाकडे येते. भिंगरीच्या दोरीला ताण खायची सवय जितकी कमी तितकं बरं. राहिली सुती आणि पॉलिएस्टर. पीळदार सुती दोरी हाताला छान वाटते, पण तिची एक खोड आहे. चकती एका दिशेला फिरली की दोरीचा स्वतःचा पीळ घट्ट होतो, उलट दिशेला फिरली की सुटतो. सुटलेल्या पिळाची दोरी ढिली, फुगीर आणि कमजोर होते, आणि भिंगरी डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी ओढ देते. वेणीसारखी गुंफलेली पॉलिएस्टर दोरी घेतली की ही भानगड संपते. सव्वा मिलिमीटर जाडीची वापरते आहे. याहून जाड घेतली तर पीळ कमी मावतो, बारीक घेतली तर हात कापतो.

आता मूठ, म्हणजे या आवृत्तीचा जीव. बोटात दोरी अडकवून फिरवण्यात दोन धोके आहेत. पीळ चढत चढत बोटापर्यंत येतो आणि बोट आवळतो. शिवाय दोरी कशातही गुंतली, कपड्यात, केसांत, कुणाच्या गळ्यात, तर ती सुटायला वाटच नसते. पहिल्यासाठी मुठीच्या अलीकडे ४० मिमी लांबीची आडवी पट्टी आहे. दोरीचे दोन पदर तिच्या दोन टोकांच्या भोकांतून जातात, त्यामुळे ते तिथे फाकलेले राहतात आणि पीळ पट्टीच्या पुढे सरकत नाही. मूठ स्वतः १२ मिमी जाडीचा लाकडी दांडा, हाताच्या पंज्याएवढा.

दुसऱ्यासाठी सुटणारी जोडणी. ठरावीक ताणाला तुटणारा बारीक दोरा मध्ये बांधणं हा सोपा मार्ग होता, पण तो मला पटत नाही. एकदा तुटला की माणूस हाताला येईल तो दोरा बांधतो, आणि तो नेमका जास्त मजबूत असतो. म्हणून तुटणारं नाही, निसटणारं काहीतरी हवं होतं. दोरीच्या टोकाच्या फासात एक लाकडी मणी बांधला आहे. दांड्याच्या पोटात सिलिकॉनची आखूड नळी बसवली आहे, तिचं तोंड मण्यापेक्षा अरुंद. मणी दाबला की आत जातो, आणि ताण वाढला की तोंड ताणून बाहेर निसटतो. परत दाबायचा, की खेळ सुरू.

किती ताणाला निसटावा? लटकवायच्या डिजिटल काट्याला एक मूठ बांधून भिंगरी चालवली. मोठ्या माणसाने जोरात ओढलं तरी काटा चार किलोच्या वर सहसा जात नाही. मणी सहा किलोला निसटेल अशी नळी निवडली. नळीच्या तोंडाची जाडी बदलून हा आकडा हलवता येतो. फक्त लहान मुलं खेळणार असतील तर चार-साडेचारवर आणा, त्यांची ओढ तेवढी नसते. ओल्या हाताने किंवा तेल लागल्यावर आकडा किती घसरतो ते प्रत्येकाने आपल्या नळीवर तपासावं.

एक बारकावा महत्त्वाचा. सुटणारी जोडणी एकाच मुठीला, आणि दोरीचा फास सुटल्यावरही बंदच राहिला पाहिजे. फास उघडला तर दोरी भोकांतून सरसर निघते आणि चकती मोकळी होते. मोकळी, फिरती चकती जमिनीवर पडली की घसरते, मग जमीन धरते आणि पळत सुटते. भरीव, सारख्या जाडीची चकती शेवटी आपल्या कडेच्या मूळ वेगाच्या एक तृतीयांश वेगाने धावते, सगळं वजन कडेला असलेलं कडं अर्ध्या वेगाने. माझी मधे कुठेतरी, ३६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सात मीटरच्या जरा आत. आणि मऊ कडेची पकड चांगली असल्यामुळे ती हा वेग लगेच गाठते, कडक कडेसारखी लांबवर घसरत बसत नाही. म्हणजे कड मऊ करून बोट वाचवलं आणि घोट्यावर नेम धरला! फास बंद ठेवला की चकती दोरीवरच राहते, आणि दोरी दुसऱ्या मुठीला. निसटल्यावर ती हातातून लोंबत, गरगरत थांबते.

याच हिशेबामुळे कडेत वजन भरून भिंगरी जास्त वेळ फिरवायची कल्पनाही बाजूला ठेवली. फिरते छान, यात वाद नाही.

चकतीभोवती जाळीचा पिंजरा करावा असं सुचवणाऱ्यांना: करून बघा, पण दोरी एका रेषेत राहत नाही, चकती ओढीबरोबर डोलते, आणि पिंजऱ्याला दोरीवर टेकायला जागा सापडत नाही. पिंजरा मोठा केला तर खेळणं हातात मावत नाही. मला तो रस्ता बंद दिसतो.

वयाचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्यांना ही नाहीच. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत लहान भागांसाठी ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात; त्यात मावेल तो तुकडा गिळण्याजोगा समजतात. आपला मणी त्यात सहज मावतो. दोरीही दोन्ही मुठींमध्ये ७० सेंटिमीटर, म्हणजे गळ्याला पुरणारी. सहा-सात वर्षांपुढचं मूल, समोर मोठं माणूस, आणि खेळ संपला की मणी काढून ठेवायचा.

आणि ती हट्टी गोष्ट: केस. मऊ कड केसांना काही करत नाही, त्यांना ओढते दोरी. लांब केस वळणाऱ्या दोरीला टेकले की पिळात शिरतात आणि पुढच्या ओढीला आत आवळले जातात. मणी निसटून पुढचं आवळणं थांबतं, पण गुंतलेले केस गुंतलेलेच. लोकरीच्या धाग्यांचा झुपका लावून हे तपासते आहे. दोरी आखूड केली की चेहरा जवळ येतो आणि धोका वाढतो. लांब केली की गळ्याचा प्रश्न. सध्या चकतीच्या दोन्ही बाजूंना मऊ सिलिकॉनचे शंकू दोरीवर ओवून बघते आहे, म्हणजे चकतीजवळचा सगळ्यात वेगवान पीळ झाकला जाईल. शंकू पिळाबरोबर फिरला तर उपयोग नाही, न फिरता घासला तर वेग खातो. आतापर्यंतचे शंकू वेग खातात, फेऱ्या साडेचार हजारांवर येतात. आतून टेफ्लॉनची नळी लावलेला शंकू पुढच्या खेपेला. तोवर लांब केस बांधून खेळा, आणि कुणाकडे याहून बरी युक्ती असेल तर मोजमापांसकट कळवा.